दारावरची बेल आणि फोनवरचा साहेब



रोज सकाळी साइटवर चोरेईला उभं राहिलं की आपण आधी केवाय करतो. आज धोका कुठे आहे आणि त्यावर उपाय काय, हे फळ्यावर लिहितो. बोट दाखवून "योशी!" म्हणतो आणि मगच कामाला हात लावतो. पण परांचीवर बेल्टशिवाय पाय न टाकणारा माणूस खोलीवर आला की अनोळखी फोन मात्र तसाच उचलतो. म्हणून आज फोनचं आणि दाराचं केवाय करू.

पहिला धोका म्हणजे फोनवरचा पोलीस. "तुमच्या नावाच्या खात्यातून गुन्ह्याचा पैसा फिरलाय. अटक टाळायची असेल तर लाइन ॲपवर व्हिडिओ कॉल करा. कुणाला सांगू नका." समोर गणवेश दिसतो, वॉरंटचा फोटोही येतो. जपानमधल्या पुष्कळ पोलीस ठाण्यांचे नंबर ०११० ने संपतात, आणि हे लोक स्क्रीनवर तसाच नंबर उमटवतात. त्यामुळे नंबर बघून विश्वास ठेवू नका. खरे पोलीस लाइनवर वॉरंट पाठवत नाहीत आणि "तपासासाठी" पैसे ट्रान्सफर करायलाही सांगत नाहीत. आपल्याकडे यालाच 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही सांगितलं की कायद्यात असं काही नाहीच. ही माणसं आपल्या व्हिसाच्या भीतीवर धंदा करतात, एवढं ओळखा.

उपाय सोपा आहे. समोरच्याचं नाव आणि ठाणं विचारा आणि फोन ठेवा. त्याने दिलेल्या नंबरवर परत फोन करू नका, ठाण्याचा नंबर स्वतः शोधा. शंका असेल तर हॅश ९११० ही पोलिसांची सल्ल्याची लाइन आहे. धोका समोर उभा असेल तर ११०. "दोन तासांत तुमचा फोन बंद होईल, एक दाबा" असा रेकॉर्ड केलेला आवाज आला तर काहीच दाबू नका. कोम्बिनीतून प्रीपेड कार्ड घेऊन त्यावरचा नंबर सांगायला लावणारा माणूस चोरच असतो. "एटीएमवर जा, रिफंड मिळेल" म्हणणाराही चोरच. एटीएममधून कुठलंही सरकारी ऑफिस रिफंड देत नाही.

दुसरा धोका दारावरचा. पाण्याचा फिल्टर, ड्रेनेजची तपासणी, "विजेचं बिल कमी करतो, जरा जुनं बिल दाखवा". साखळी काढू नका. बिलावरचा ग्राहक नंबर दिलात तर तुम्हाला कळायच्या आत कॉन्ट्रॅक्ट बदललेलं असू शकतं. खोली भाड्याची आहे, तपासणी असेल तर घरमालक किंवा कंपनी आधी कळवेल. आणि एक शब्द जपून वापरा. "केक्को देस" म्हणजे "नको" असं आपण शिकतो, पण त्याचा अर्थ "चालेल" असाही लावता येतो. त्यापेक्षा स्पष्ट म्हणा: "इरिमासेन. काएत्ते कुदासाई." सही करून बसला असाल तरी घाबरू नका. दारावर किंवा फोनवर झालेल्या बहुतेक व्यवहारांत कागद हातात पडल्यापासून ८ दिवसांत लेखी कळवून कॉन्ट्रॅक्ट रद्द करता येतं. ऑनलाइन खरेदीला मात्र हा नियम नाही. मदतीला १८८ ही ग्राहकांची लाइन आहे. हे आकडे जपानी लोक "इयाया" असे वाचतात, म्हणजे "नको रे बाबा"! जपानी जमत नसेल तर साइटवरच्या जपानी सहकाऱ्याला शेजारी बसवून फोन लावा.

झायर्यू कार्ड ड्युटीवरच्या पोलिसाने मागितलं तर दाखवावंच लागतं. पण तुम्हीही त्याचं ओळखपत्र बघायला मागू शकता. दारावरच्या सेल्समनला मात्र कार्डाचा फोटो काढू देऊ नका.

तिसरा धोका सगळ्यात वाईट, कारण त्यात आपणच चोर ठरतो. "फक्त एक पाकीट घेऊन ये", "या कार्डाने पैसे काढून आण, लगेच रोख देतो". याला इथे यामी बाइतो म्हणतात. पाकीट घेणारा उकेको आणि पैसे काढणारा दाशिको. फोन करणारा दूर कुठेतरी बसलेला असतो, कॅमेऱ्यात चेहरा येतो तो यांचा. पाकिटात बहुतेक वेळा एखाद्या म्हाताऱ्या आजीची आयुष्यभराची पुंजी असते. गावी परतताना पासबुक, कॅश कार्ड विकत मागणारेही भेटतात. खातं विकणं हा इथे गुन्हा आहे. निघण्याआधी बँकेत जाऊन खातं बंद करा.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. त्याच मिनिटाला बँकेला आणि पोलिसांना फोन करा. २००८ पासून लागू असलेल्या कायद्याने बँक चोराचं खातं गोठवते आणि त्यात जे उरलं असेल ते फसलेल्यांना वाटलं जातं. उशीर केलात तर खात्यात काही उरणार नाही.

शेवटचं, घरच्यांसाठी. जपानमध्ये "ओरे, ओरे", म्हणजे "अगं मी बोलतोय", असं म्हणून आईबापांना लुटतात. तसाच फोन उद्या तुमच्या आईला येऊ शकतो: "तुमच्या मुलाला टोकियोत पकडलंय, पैसे पाठवा." म्हणून आज रात्री घरी फोन करा आणि एक परवलीचा शब्द ठरवा. पहिल्या बैलाचं नाव, बांधावरच्या झाडाचं नाव, काहीही चालेल, फक्त ते फेसबुकवर नसावं. शब्द सांगता आला नाही तर पैसे पाठवायचे नाहीत. भारतात फसवणूक झाली तर १९३० वर तक्रार करायची, हेही त्यांना लिहून ठेवायला सांगा.

आता सगळ्यांनी फोन काढा आणि हॅश ९११० आणि १८८ सेव्ह करा. झालं? योशी!