टेप घेऊन धान लावणारा मी

कानात हेडफोन असतील तर आवाज थोडा कमी करा, कारण आज हसायचं आहे. विषय आहे शहरातली माणसं शेती करायला जातात आणि तोंडावर पडतात, अशा कॉमेड्यांचा. पण दुसऱ्यांवर हसण्याआधी माझी फजिती ऐका.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, नागभीड तालुक्यातला. नोकरी पुण्यात, लॅपटॉपवर. 2023 च्या पावसाळ्यात वर्क फ्रॉम होम होतं, बाबांचा गुडघा दुखत होता, तर मी म्हटलं, यंदा रोवणा मी बघतो. तीन एकर धान. तयारी काय? यूट्यूबवर सहा व्हिडिओ.

रोवण्याच्या दिवशी मी बांधीत उतरलो ते टेप आणि दोरी घेऊन. बारा बाया चिखलात उभ्या, आणि मी त्यांना सांगतोय, एका जागी एकच रोप, मध्ये बरोबर पंचवीस सेंटीमीटर. एक म्हातारी काकू पऱ्ह्यांची पेंढी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे पऱ्हे लगनाले आले बाबू, अन् तू त्याईले बालवाडीत टाकतेस?"

सगळी बांधी हसली. मला काहीच कळलं नाही.

तर झालं होतं असं. मी पाहिलेली ती 'श्री पद्धत' होती आणि ती चांगली पद्धत आहे. पण तिच्यात रोप कोवळं लागतं, आठ ते बारा दिवसांचं. त्याला फुटवे फोडायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून एकटं लावलं तरी जागा भरून काढतं. आमचे पऱ्हे महिन्याचे झाले होते. त्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता. ते दोन-तीन मिळून आणि जवळजवळ लावावे लागतात. हे व्हिडिओतही सांगितलं होतं. मीच तेवढा भाग पुढे ढकलला होता.

बाबा धुऱ्यावर बसून बघत होते. म्हणाले, एक बांधी लाव तुझ्या मनाची, बाकीच्या बायांना लावू दे.

आता कॉमेडीकडे येऊ. हा प्रकार जगभर चालतो. अमेरिकेत 'ग्रीन एकर्स' नावाची मालिका होती, 1965 ते 1971. न्यूयॉर्कचा वकील शेती करायला खेड्यात जातो आणि सूट-टाय घालून ट्रॅक्टर चालवतो. शेतकरी किती महान, यावर भाषणं ठोकतो. त्याच्या बायकोला यायचंच नसतं, पण गावात रुळते तीच.

अलीकडचं म्हणजे 'क्लार्कसन्स फार्म', 2021 पासून. गाड्यांच्या कार्यक्रमामुळे गाजलेला जेरेमी क्लार्कसन इंग्लंडमध्ये स्वतःची हजारेक एकर शेती स्वतः करायला घेतो. तिथे केलेब कूपर नावाचा गावातला तरुण पोरगा त्याला कॅमेऱ्यासमोर झापतो. मला तो पोरगा म्हणजे आमची काकूच वाटतो. आणि पहिल्या सीझनच्या शेवटी हिशेब लागतो. वर्षभराचा नफा 144 पौंड, म्हणजे तेव्हाचे आपले चौदा-पंधरा हजार रुपये. तिथे हसू येतं आणि घशात अडकतं.

आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये झी मराठीवर 'जाऊ बाई गावात' सुरू झालं. हार्दिक जोशी सूत्रसंचालक, शहरात लाडात वाढलेल्या मुली, आणि समोर गोठा, चूल, शेत. मी आईसोबत बघायचो. आईचं हसणं बघण्यासारखं असायचं. शेणाला बघून कुणी किंकाळी मारली की ती भाजी निवडत राहायची. पण कुणी आत्मविश्वासाने चुकीचं काम केलं की तिचा हात थांबायचा आणि ती खळखळून हसायची.

ते बघून मला फरक कळला. चिखलाला घाबरण्यावर कुणीही हसू शकतो, त्याला शेती माहीत असावी लागत नाही. पण महिन्याचे पऱ्हे एकेकटे लावण्यावर हसायला धान माहीत असावं लागतं. पहिल्या हसण्यात शेत नुसता पडदा असतो. दुसऱ्यात शेतकरी परीक्षक असतो.

आणि असा परीक्षक प्रेक्षक बघायचा असेल तर आमच्याकडे या. झाडीपट्टी रंगभूमी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. मुख्य ठिकाण गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. धान घरात आलं की दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. कापणी झालेल्या शेतातच मंडप. याच रंगभूमीचे परशुराम खुणे, विनोदी भूमिकांसाठी गाजलेले, त्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आठशे वेगवेगळ्या भूमिका, पाच हजारांवर प्रयोग.

समोर बसलेला प्रत्येक माणूस महिनाभरापूर्वी विळा घेऊन वाकलेला असतो. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 मध्ये आपल्या धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि एचएमटी तांदूळ दिला. शाळा तिसरीपर्यंत. अशा नजरेच्या लोकांसमोर शेतीचा खोटा विनोद चालत नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या गावी नाटक आलं. रात्री एकच्या सुमारास विनोदी नट स्टेजवर आला. शहरातून आलेला जावई, गॉगल, आणि हातात... टेप! कुणीतरी आधीच चुगली केली होती. तो वाकून हवेतच धान मोजायला लागला. अख्खा मंडप हसला आणि वळून माझ्याकडे बघायला लागला. मीही हसलो. बाजूला बाबा डोळे पुसत हसत होते.

घरी येताना टॉर्चच्या उजेडात बाबा म्हणाले, "उद्या ठेक्याचं बोलून घेतो."

मी गप्प. आईने नंतर सांगितलं. ते वर्षभर बघत होते, पोरगा परत येतो का, की शेत ठेक्याने द्यायचं. माझ्या त्या एका बांधीत धान विरळ निघालं होतं. त्यावर ते एक शब्द बोलले नव्हते. आणि रात्रीची जागल उरतेच. डुकरं धान खातात म्हणून शेतात जागायचं, आणि आमच्या भागात त्या अंधारात वाघही असतो. दरवर्षी माणसं जातात. हा सीन कुठल्याच कॉमेडीत नसतो. बाबांना मला तिथे बसवायचं नव्हतं.

सकाळी मी म्हटलं, दोन एकर द्या ठेक्याने. एक राहू द्या, माझ्या बांधीसकट. ते बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "बरं."

तेव्हापासून दर रोवण्याला सुटी टाकून जातो. फार काही येत नाही अजून. पण पऱ्हे किती दिवसांचे, हे आधी विचारतो. काकू अजूनही चिखलातून ओरडते, "टेप आनला का गा?"

तर मंडळी, पुढच्या वेळी अशी कॉमेडी बघताना एक करा. शेती केलेलं कुणीतरी शेजारी बसवा, आई, आजोबा, कुणीही. आणि बघा, ते कुठे हसतात, कुठे गप्प होतात. मग ते गप्प का झाले, ते विचारा. उत्तर मिळालं तर मला व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात!