दुभाष्याची दस्तुरी

वऱ्हाडच्या सपाटीवरून घाट चढून चिखलदऱ्यास गेलेल्या प्रवाशाला हवेइतकाच पालट भाषेचाहि जाणवतो. वऱ्हाडी मागें पडते आणि मेळघाटची कोरकू कानीं येऊं लागते. ती मराठीच्या कुळांतली नव्हे. तिचें नातें मुंडारी व संथाळी यांच्याशीं. अशा ठिकाणीं समजा ५ भाषांचे लोक बाजारास जमले. प्रत्येक जोडीस निराळा दुभाषी द्यावयाचा तर १० दुभाषी हवेत. परंतु त्यांतली एकच भाषा मध्यस्थ मानली, तर चौघांत भागतें.

गणकयंत्रांच्या जगांतहि हाच पेंच पडला होता. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फोर्ट्रान भाषा सिद्ध केली. माणसानें सूत्ररूपानें लिहावें आणि अनुवादकानें त्याच्या यंत्राज्ञा कराव्यात, हें तेव्हां साधलें. पण त्या पहिल्या अनुवादकास एका माणसाचीं सुमारें १८ वर्षें भरतील इतके श्रम पडले. आणि प्रत्येक यंत्राच्या आज्ञा तर वेगळ्या! ३ भाषा व ४ यंत्रें म्हणजे १२ अनुवादक. ज्या संस्थेपाशीं एवढें मनुष्यबळ नाहीं, तिनें नव्या भाषेकडे दुरूनच पाहावें, अशी स्थिति होती.

१९७० सालीं झुरिचच्या निक्लाउस विर्ट यांनीं पास्कल भाषा प्रसिद्ध केली. ती परक्या यंत्रांवर कशी न्यावी, या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्यांत अम्मान, जेन्सन व नेगेली यांच्यासह केसव नोरी हे भारतीय संशोधक होते. त्यांनीं कोठेंहि अस्तित्वांत नसलेलें एक यंत्र कल्पिलें. त्याच्या आज्ञा मोजक्या. थाळीवर थाळी रचावी तशीं मूल्यें रचावयाचीं आणि वरचें आधीं उचलावयाचें. पास्कलचा अनुवादक या काल्पनिक यंत्राच्या आज्ञा लिही, आणि स्वतःहि त्याच आज्ञांत उपलब्ध असे. नव्या यंत्राच्या धन्यानें त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारी छोटीशी आज्ञावली लिहिली, कीं सगळी भाषा त्याच्या दारीं आली.

मध्यस्थ आला कीं दस्तुरी आलीच. येथें ती वेगाची. तरीहि याच मार्गानें पास्कल सॅन डिएगोच्या विद्यापीठांतून लहान यंत्रांपर्यंत गेली, आणि १९९५ च्या जावा भाषेनेंहि हेंच तत्त्व स्वीकारलें. नोरी पुढें पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रांत रमले.

दुभाष्याची दस्तुरी सर्वांच्या डोळ्यांवर येते. तो नसता तर बाजारांत कोण मुका राहिला असता, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाहीं.