दारू म्हातारी होते तेव्हा



नागपूरहून येणाऱ्या रस्त्याला जिथे हैदराबाद आणि चंद्रपूर असे दोन फाटे फुटतात, ते आपले जाम. चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीची आयुध निर्माणी आहे आणि आपल्याच वर्धा जिल्ह्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार. उन्हाळ्यात इथला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्यामुळे बंदुकीची दारू किती वर्षे टिकते, हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक ठेवणाऱ्यांना काळी दारू ठाऊक आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण. त्याचा शत्रू ओल. ओलीने त्याचे गठ्ठे होतात, जोर जातो. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आणि म्हणूनच जुनी काळी दारू निकामी झाली असेल, असे कुणी कधीही धरून चालू नये. ओलावलेली दारू चुलीजवळ किंवा उन्हात वाळवणे म्हणजे मरणाला बोलावणे.

काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी. ती मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते आणि डबा बंद असला तरी आतल्या आत हळूहळू विघटन पावते. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात आणि तेच पुढचे विघटन वाढवतात. हे चक्र रोखण्यासाठी कारखान्यात तिच्यात डायफिनाईलअमाईनसारखे स्थिरीकारक साधारण एक टक्का घालतात. ते हे वायू शोषून घेते आणि स्वतः खर्ची पडते. ते संपले की दारू तापू लागते आणि मोठा साठा असेल तर आपोआप पेटू शकते. दर दहा अंश तापमानवाढीला विघटनाचा वेग दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. थंड, कोरड्या जागी काही दशके टिकणारी दारू पत्र्याच्या छपराखाली त्याआधीच संपते.

पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1884 मध्ये ही दारू घडवली. तिच्या या स्वभावाची किंमत फ्रेंच नौदलाने तूलाँ बंदरात मोजली. 1907 मध्ये ‘इएना’ आणि 1911 मध्ये ‘लिबेर्ते’ या युद्धनौका कोठारातल्या जुन्या दारूमुळे फुटल्या आणि शेकडो माणसे गेली. साठ्यातल्या दारूची ठरावीक काळाने चाचणी घेण्याचे महत्त्व अशा अपघातांनीच पटवले.

बिनधुराच्या दारूच्या डब्यातून आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला, तांबूस धूर वा भुकटी दिसली किंवा डबा आतून गंजलेला आढळला, तर ती दारू बिघडली असे समजावे. दारू मूळ डब्यातच ठेवावी, दुसऱ्या डब्यातली तिच्यात मिसळू नये. जुनी सापडली तर विहिरीत टाकू नये, पुरू नये, जाळू तर नयेच. पोलिसांना कळवावे. स्फोटकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

पुलगावचे दुःख आपण विसरलेलो नाही. 31 मे 2016 च्या पहाटे भांडारात आग लागली. ती विझवताना लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटकाकडे तेव्हा बोट दाखवले गेले. ती बंदुकीची दारू नव्हे. पण जीर्ण झालेला माल वेळेत बाजूला काढायला हवा, हे दोन्हींना सारखेच लागू. आणि 20 नोव्हेंबर 2018 रोजी याच परिसरात, सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते.

दारूगोळा बनवणारे प्रशिक्षित असतात, वापरणारेही. म्हातारा झालेला माल हाताळणे या दोन्हींपेक्षा जोखमीचे, आणि तिथे मात्र रोजंदारीचा माणूस पेट्या उचलतो. त्याला पेटीत काय आहे, ते किती जुने आहे आणि कोणती पेटी हलवायची नाही, हे कामावर उतरण्याआधी त्याच्या भाषेत सांगितले गेलेच पाहिजे. त्याच्या जिवाचा विमा आणि कुटुंबाची भरपाईही त्याच दिवशी कागदावर आली पाहिजे.