गाडी कुठे चालते, ते आधी सांगा



आज मी गाडीच्या चाकांबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा तर बाप्यांचा विषय. पण गटातून कर्ज उचलून गाडी घेतलेल्या कितीतरी बाया मला आमच्या टायरच्या दुकानात भेटतात. हप्ता त्या भरतात, टायरचे पैसेही त्याच मोजतात. मग चाकाचं थोडं आपल्यालाही कळायला हवं.

दिवाळीच्या आधी एक ताई आणि तिचा मुलगा जुनी कार घेऊन आले. पोरानं मोबाइलवर शर्यतीच्या गाडीचा फोटो दाखवला. तिची चाकं वरच्या बाजूनं आत कललेली होती. "काकू, आपल्या गाडीची अशीच सेटिंग करून द्या." आईनं विचारलं, "किती लागतील?" मी म्हटलं, "पैशांचं नंतर. गाडी कुठे चालते, ते आधी सांगा."

ती गाडी बाभुळगाव ते यवतमाळ चालायची. आठवड्यातून दोनदा आजीला दवाखान्यात न्यायची, कधी धामणगावला स्टेशनवर माणसं सोडायची. शर्यत तिनं कधी पाहिली नव्हती.

चाकाच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी येतात. पहिली कॅम्बर. गाडीच्या समोर उभं राहून पाहिलं, की चाक सरळ उभं आहे का वरून आत-बाहेर कललं आहे ते दिसतं. तो कल म्हणजे कॅम्बर. एसटीनं जोरात वळण घेतलं की आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो ना? तशीच गाडीही बाहेरच्या बाजूला झुकते. त्या वेळी बाहेरच्या चाकाचा टायर आपल्या कडेवर उभा राहतो आणि रस्त्यावरची पकड कमी होते. शर्यतीत गाडी पुन्हा पुन्हा जोरात वळते. म्हणून चाकं आधीच २ ते ३ अंश आत कलवून ठेवतात. मग वळणात गाडी झुकली की टायर पूर्ण सपाट टेकतो. घड्याळात एका मिनिटाच्या खुणेपासून दुसरीपर्यंत ६ अंश होतात. म्हणजे ३ अंश हा त्याच्या अर्धा कल. दिसायला थोडा, पण टायरला फार.

दुसरी टो. आपण उभं असताना दोन्ही पावलं समोर असतात, का आत वळलेली, का फाकलेली? तसंच चाकांचं. बंडीची दोन चाकं एका दिशेला नसली तर बैलांना ओढायला जड जातं. गाडीत इंजिन ओढतं म्हणून आपल्याला जाणवत नाही, पण टायर घासत जातो. पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त १ मिलिमीटरचा फरक असला, तरी साधारण ६०० मिलिमीटर उंचीचा टायर दर किलोमीटरला दीड मीटरहून जास्त आडवा घसटतो. शंभर किलोमीटरला दीडशे मीटरच्या वर. टायर असा न बोलता संपतो.

तिसरी कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरपा असतो, त्यामुळे सायकल सरळ धावते. गाडीतही तसंच असतं. वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ येतं, ते याच्यामुळे. डाव्या-उजव्या बाजूचा कॅस्टर सारखा नसला तर गाडी एका बाजूला ओढते.

आता त्या पोराच्या फोटोकडे येऊ. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्यात पोलो गाडी तयार व्हायची. तीच घरी वापरायची गाडी, पण त्याच मॉडेलच्या शर्यती २०१० पासून आपल्या देशात झाल्या. गाडीचं नाव एक, काम दोन. शर्यतीच्या गाडीचे टायर वेगळे, स्प्रिंगा कडक, आणि टायर लवकर संपले तरी चालतात. तिथले मेकॅनिक काही फेऱ्या झाल्या की टायरची आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड, तिन्ही ठिकाणी उष्णता मोजतात. बाहेरची कड जास्त तापली तर कल वाढवायचा, आतली फारच तापली तर कमी करायचा. फोटो पाहून तेही सेटिंग करत नाहीत.

शहरात काही हौशी लोक एकच स्पोर्ट्स कार रोज रस्त्यावर चालवतात आणि सुटीला ट्रॅकवर नेतात. त्यांना मधला मार्ग काढावा लागतो. ते कल एक-दीड अंशाच्या आसपास ठेवतात आणि टो जवळजवळ सरळ. कारण नुसता कल टायर हळूहळू खातो, पण टो बिघडला की भराभर खातो. दोन्ही जोडीनं आले तर आतली कड बघता बघता जाते.

आपल्या गाडीचं काय? आपण बहुतेक सरळ रस्त्यावर चालतो, खड्डे चुकवतो आणि ब्रेक मारतो. तेव्हा टायरचा पूर्ण तळवा जमिनीला हवा. चाक फार कललेलं असेल तर टायर आतल्या कडेवरच चालतो. पावसात अचानक ब्रेक मारावा लागला तर गाडी लांब जाऊन थांबते. शिवाय बऱ्याच लहान गाड्यांत पुढचा टोच तेवढा बदलता येतो. कल बदलायला वेगळे बोल्ट लागतात, नाहीतर कोणी भोकं रुंद करून देतो. तो जिवाशी खेळ.

मी त्या ताईला खाली वाकून पुढच्या उजव्या टायरवर हात फिरवायला सांगितलं. आतली कड गुळगुळीत, तार दिसायला आलेली. पोराला ते माहीतच नव्हतं, कारण उभ्यानं आतली कड दिसत नाही. स्टिअरिंगच्या दांड्याचा शेवटचा सांधा ढिला झाला होता. तो बदलला, टायर बदलला, टो कंपनीच्या आकड्यावर आणला. कल होता तसाच ठेवला. पोरगं थोडं फुगलं. पण घरी जाताना गाडी ओढत नाही, हे त्यानंच फोन करून सांगितलं.

तुम्ही काय करायचं? महिन्यातून एकदा चारही टायरवर तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. साधारण १०,००० किलोमीटरला, किंवा मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर अलाइनमेंट तपासा. आधी हवा बघायची, सांधे ढिले आहेत का ते बघायचं, मग सेटिंग. आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंग. दोन्हीचे पैसे उगाच देऊ नका. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर नियमानं तो टायर चालवता येत नाही.

आणि दुकानात कोणी न विचारता सेटिंग करायला घेतली, तर गाडी कुठे चालते, किती माणसं बसतात, माल किती असतो, हे तुम्हीच आधी सांगा.