जन्मभूमी की वंश? : स्थलांतरितांच्या अपत्यांचे नागरिकत्व
(शताब्दीनिमित्त ग्रंथालयात दिलेले व्याख्यान)



बडोद्यात पिढ्यानपिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत ‘आपण इथले की तिथले?’ ही चर्चा रंगते खरी. परंतु तिच्या निकालावर कोणाचे हक्क अवलंबून नसतात. आपल्या राज्यघटनेने साऱ्या देशासाठी एकच नागरिकत्व मानले आहे. मात्र याच घरांतील मुले-सुना आज परदेशी नोकरी करतात, नातवंडे तेथे जन्मतात आणि मग तोच प्रश्न कायद्याचा होतो.

याविषयी जगात दोन तत्त्वे प्रचलित आहेत. ज्या भूमीवर जन्म, तिचे नागरिकत्व, हे जन्मभूमीचे तत्त्व. मातापित्यांचे नागरिकत्व तेच अपत्याचे, हे वंशाचे तत्त्व. बहुतेक देशांनी या दोहोंचा कमीअधिक प्रमाणात मेळ घातला आहे.

अमेरिकेने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने पहिले तत्त्व स्वीकारले. त्याची कसोटी लागली ती वाँग किम आर्क या तरुणाच्या खटल्यात. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी मातापित्यांच्या पोटी जन्मलेला हा तरुण १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याला बंदरावरच अडविण्यात आले. चिनी लोकांना नागरिकत्व न देण्याचा कायदा तेव्हा अमलात होता. तरीही १८९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच नागरिक असल्याचा निर्णय दिला.

या निर्णयाचा लाभ पुढे भारतीयांच्या मुलांनाही झाला. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. कॅलिफोर्नियात अशा अपात्र परकीयांना शेतजमीन विकत घेण्याची मनाई होती. तेव्हा काही पंजाबी शेतकऱ्यांनी तेथेच जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावे जमिनी केल्या. बापाला जे नाकारले गेले, ते पाळण्यातल्या मुलाला मिळाले! भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले ते १९४६ मध्ये.

आपल्याकडे १९४७ च्या एप्रिलमध्ये घटना समितीत हा विषय निघाला, तेव्हा सरदार पटेलांनी उदार तत्त्वाची बाजू घेतली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांसाठी आपण तेथील नागरिकत्व मागतो. मग स्वतः संकुचित दृष्टी ठेवणे योग्य नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानेही, परकीय राजदूतांच्या अपत्यांसारखे थोडे अपवाद वगळता, येथे जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिक मानले.

पुढे आसाम आंदोलन झाले, सीमेपलीकडून होणाऱ्या स्थलांतराची चिंता वाढली आणि कायदा आवळत गेला. १ जुलै १९८७ पासून मातापित्यांपैकी एक तरी भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, अथवा एक नागरिक असल्यास दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. म्हणजे आई भारतीय असूनही केवळ पित्याच्या अवैध प्रवेशामुळे येथे जन्मलेले मूल जन्मसिद्ध नागरिकत्वास मुकते.

परदेशी जन्मलेल्या नातवंडांच्या आजी-आजोबांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या अशा मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत त्याची नोंद व्हावी लागते आणि त्याच्यापाशी अन्य देशाचे पारपत्र नसल्याचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. मुदत टळल्यास केंद्र सरकारची अनुज्ञा घ्यावी लागते.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या मातापित्यांच्या अपत्यांनाही जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा आदेश काढला. त्याच वर्षी न्यायालयांनी त्याच्या अंमलबजावणीस अटकाव केला. तोवर येथील कित्येक घरांची झोप उडाली होती. ती चिंता रास्तच होती. परंतु कोठेतरी आपल्याच सीमाभागात एखादी आई आपल्या तान्ह्या मुलासाठी तीच चिंता वाहत असेल, हेही आपल्या मनात यावे.

आपल्या सीमांचे रक्षण करणे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे, यात शंका नाही. पण सीमा ओलांडण्याचा निर्णय मूल घेत नाही. परदेशी आपल्या नातवंडासाठी आपण ज्या मापाने न्याय मागतो, त्याच मापाने येथे परक्याच्या लेकरालाही मोजावे, एवढीच माझी विनंती आहे.