इरलें आणि अंगठा



आमच्या शहापूर-मुरबाडच्या भागांत मृग बरसूं लागला कीं जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें इरलें. बांबूच्या कांबींचा सांगाडा आणि त्यावर पानांचा थर. ओणवें राहून भात लावणाऱ्या बाईचें डोकें व पाठ झांकावी आणि दोन्ही हात मोकळे राहावेत, अशी त्याची घडण. लहानपणीं मीं पाहिलें आहे : बाई कारागिरासमोर ओणवी होऊन दाखवी, "इथं टोचतंय, इथं आखूड पडतंय" म्हणे, आणि तो कांब सोडवून पुन्हां वांकवी. पुढें प्लॅस्टिकचा कागद आला. तो स्वस्त आहे, हें कबूल केलेंच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीं लावणीच्या दिवसांत शेजारच्या एका वृद्धेबरोबर मी शिधावाटपाच्या दुकानीं गेलों होतों. तेथें आतां यंत्रावर अंगठा टेकवून ओळख पटवावी लागते. म्हातारीनें अंगठा टेकविला. यंत्रानें तो नाकारला. पदराला पुसून पुन्हां टेकविला, पुन्हां नकार. पन्नास पावसाळे रोपें उपटून जिच्या बोटांच्या रेघाच झिजल्या, तिला यंत्र ओळखीना! दुकानदार भला माणूस, पण त्याचेही हात बांधलेले. रिकामी पिशवी घेऊन आम्ही परतलों. वाटेंत ती म्हणाली, "गुरुजी, ज्यानं ह्ये केलं, त्यानं माजा हात कदी बघितला व्हता का?"

हा प्रश्न अडाणी नव्हे. नॉर्वेंत १९७० नंतरच्या वर्षांत क्रिस्टेन न्यूगोर या संगणकशास्त्रज्ञानें धातुकामगारांच्या संघटनेबरोबर बसून हाच प्रश्न हातीं घेतला. कारखान्यांत जे संगणक येणार, त्यांच्या रचनेंत कामगाराचा शब्द किती? त्यानंतर १९८१ ते १९८५ या काळांत 'युटोपिया' नांवाच्या उपक्रमांत स्वीडन व डेन्मार्क येथील संशोधकांनीं छापखान्यांतील कामगारांस बरोबर घेतलें. हवीं तीं यंत्रें तेव्हां हाताशीं नव्हतीं; म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यांचीं खोटीं यंत्रें मांडून कामगारांनीं त्यांवर काम करून पाहिलें. अडलें तेथें खोकें हलविलें. पुठ्ठा कापावयास कात्री पुरते. यंत्र एकदां गांवोगांव पोंचलें म्हणजे कात्री चालत नाहीं.

आपल्याकडे हें कोठें घडलें, असें विचाराल, तर माळशेज घाट चढून जुन्नर-नारायणगांव ओलांडा आणि पाबळास जा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम स्थापिला. मुलांनीं लोहारकाम, सुतारकाम, वीजजोडणी, शेती हीं कामें हातानें करीत शिकावें, आणि तें काम गांवाच्या गरजेचें असावें, ही त्यांची पद्धति. मी सारी हयात फळ्यावर खडू झिजविला, हेवा वाटतो. २००२ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी.चे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्यानें तेथें 'फॅब लॅब' निघाली, आणि संगणकाच्या आज्ञेवर चालणारीं यंत्रें खेड्यांतल्या पोरांच्या हातीं आलीं. तेथें उपकरण घडविणारा आणि तें वापरणारा एकाच चावडीवर बसतात. बिनसलें तर सायंकाळीं घरीं येऊन सांगतां येतें.

म्हातारीचें धान्य अखेर तिच्या नातवाच्या अंगठ्यावर मिळालें. तो कल्याणला कामाला होता. एका दिवसाची मजुरी बुडवून आला.