वायू आत कसा येतो



 रसायन अभियंत्यांच्या या परिषदेच्या अध्यक्षाने उद्योगाच्या एकूण स्थितीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. रिअ‍ॅक्टरमध्ये वायू ज्या तोंडातून शिरतो ते तोंड, आणि तिथून निघणारा झोत.

आपल्या शिक्षणात रसायनाला मान आहे. अभिक्रियेचा वेग, तापमान, उत्प्रेरक यांवर सत्रेच्या सत्रे खर्च होतात. आराखड्यात मात्र नोझल सर्वांत शेवटी येते आणि पुष्कळदा खरेदी विभाग ते सर्वांत स्वस्त दरपत्रक पाहून मागवतो. माझे म्हणणे असे आहे की पदार्थ कसा निघणार, कण किती बारीक होणार आणि कारखाना चालणार की बंद पडणार, याचा बराचसा निकाल झोताच्या पहिल्या वीतभर अंतरातच लागतो. याची साक्ष गेल्या शंभर वर्षांचा इतिहास देतो.

जर्मनीत बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ विंकलर कोळशापासून वायू करण्याच्या खटपटीत होते. कोळशाच्या बारीक चुऱ्यातून खालून वायू सोडला की चुरा उचलला जातो आणि रटरटणाऱ्या पिठल्यासारखा उकळ्या घेऊ लागतो, हे त्यांनी हेरले. 1922 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1926 मध्ये लॉयना येथे या तत्त्वावरचा मोठा गॅसिफायर सुरू झाला. आज आपण ज्याला फ्लुइडाइज्ड बेड म्हणतो त्याची औद्योगिक सुरुवात ही. वायूचा वेग एका मर्यादेला पोचला की कणांचे सगळे वजन वायूच तोलून धरतो, आणि मग पूड द्रवासारखी वागू लागते. तिची पातळी सपाट होते, ती नळीतून वाहते, छिद्रातून गळते. घन पदार्थ पंपाशिवाय एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेता येऊ लागला.

या गुणाचा सर्वांत मोठा उपयोग तेलशुद्धीकरणात झाला. एमआयटीतील वॉरन लुईस आणि एडविन गिलिलंड यांच्या कामाचा आधार घेऊन स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीच्या अभियंत्यांनी लुइझियानातील बॅटन रूज येथे मे 1942 मध्ये पहिले फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंग युनिट सुरू केले. महायुद्ध चालू होते आणि विमानांना उच्च दर्जाचे पेट्रोल हवे होते. आज मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये असलेली क्रॅकिंग युनिट याच घराण्यातली आहेत. सुमारे 700 अंश सेल्सिअसला तापलेला कॅटॅलिस्ट राइझरच्या तळाशी येतो आणि तिथे वाफेच्या साहाय्याने जड तेलाचा फवारा त्यावर पडतो. थेंब बारीक असेल तर निमिषार्धात वाफ होते, आणि पुढच्या दोन-चार सेकंदांत अभिक्रिया आटोपते. थेंब जाड राहिला, फवारा एका बाजूला कलला, तर त्याच तेलाचा कोक होतो आणि राइझरच्या भिंतीवर बसतो. तेल, कॅटॅलिस्ट आणि तापमान सगळे तेच असते, पण उत्पन्न बदलते. म्हणूनच क्रॅकिंग युनिटच्या सुधारणेत फीड नोझल बदलणे हा नेहमीचा आणि खर्च भरून काढणारा उपाय ठरला आहे.

आता एका अपयशाकडे वळतो. विद्यार्थ्यांना ते फारसे शिकवले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेक्सास राज्यातील ब्राउन्सव्हिल येथे नैसर्गिक वायूपासून पेट्रोल करण्याचा हायड्रोकोल नावाचा भव्य कारखाना उभा राहिला. लोहाच्या कॅटॅलिस्टचा फ्लुइडाइज्ड बेड, त्यातून जाणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा वायू, आणि फिशर-ट्रॉप्श अभिक्रिया. पायलट प्लांटमध्ये रूपांतर उत्तम होते. 1950 च्या सुमारास मोठा कारखाना सुरू झाला तेव्हा रूपांतर त्याच्या आसपासही फिरकेना. कारखान्यापुढे इतरही अडचणी होत्या, खनिज तेल स्वस्त होते ही त्यांतली एक. दशक संपण्याआधी तो बंद झाला. पण रिअ‍ॅक्टरमध्ये काय घडले हे समजून घेण्यासारखे आहे.

बेडमधून जाणारा जादा वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतो. बुडबुड्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे चौपट मोठा बुडबुडा दुप्पट वेगाने चढतो. पायलट प्लांटचे भांडे अरुंद, त्यामुळे भिंतीच बुडबुड्याला फार वाढू देत नाहीत. काही मीटर रुंदीच्या भांड्यात त्याला अडवणारे कोणी नसते. बुडबुडे एकमेकांत मिसळतात, फुगतात आणि मधल्या भागातून सुसाट निघून जातात. त्यांच्या पोटातल्या वायूला कॅटॅलिस्ट भेटतच नाही. रसायनात काही चूक नव्हती. दोन पदार्थांची गाठच पडली नाही.

हे गणित त्या अभियंत्यांना तेव्हा उपलब्ध नव्हते. केंब्रिजच्या डेव्हिडसन आणि हॅरिसन यांचे या विषयावरचे पुस्तक 1963 मध्ये आले. कोणती पूड कशी उकळेल याचे गेल्डार्ट यांनी केलेले अ, ब, क, ड अशा चार गटांचे वर्गीकरण 1973 मधले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ससोल कंपनीने आपल्या पहिल्या कारखान्यात कॅटॅलिस्ट फिरता ठेवणारी वेगळी रचना पत्करली. पुढे बुडबुडे समजू लागल्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, सेकुंडा येथे कॅटॅलिस्ट न फिरवणारे फ्लुइडाइज्ड बेड परत आणले. ब्राउन्सव्हिलमध्ये जे हरले तेच तत्त्व तिथे जिंकले, कारण मधल्या चाळीस वर्षांत लोकांनी वायू कुठून जातो याचा पिच्छा सोडला नाही.

या पाठलागात आपल्याकडच्या लोकांचाही वाटा आहे, आणि तो या सभागृहात अभिमानाने सांगितला पाहिजे. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. ज्येष्ठराज जोशी आणि प्रा. मनमोहन शर्मा यांनी बबल कॉलममधल्या द्रवाच्या अभिसरणाचे प्रारूप 1979 मध्ये मांडले. वायूचे बुडबुडे द्रवाला कसे फिरवतात हे त्यातून मोजता येऊ लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलेल्या विवेक रानडे यांचे रिअ‍ॅक्टरमधील प्रवाहाच्या संगणकीय प्रारूपांवरचे पुस्तक 2002 चे. ही मंडळी दूरची नाहीत. तुमच्यातल्या कित्येकांचे गुरू त्यांच्या हाताखाली शिकले.

कण तयार करण्याच्या उद्योगात तर झोत हेच मुख्य यंत्र आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या क्लोराइड पद्धतीत, केरळात चवरा येथे जी चालते, आधी खनिज, कोक आणि क्लोरीन फ्लुइडाइज्ड बेडमध्ये भेटतात. त्यातून आलेल्या टेट्राक्लोराइडची वाफ नंतर ऑक्सिजनच्या तप्त झोतात मिसळते आणि मिलिसेकंदांत पांढरा कण जन्मतो. रंगाला झाकण्याची ताकद येण्यासाठी तो साधारण पाव मायक्रॉनचा हवा. मिसळण्यात ढिलाई झाली की काही कण उगाच वाढतात, काही एकमेकांना चिकटतात. टायरसाठी लागणाऱ्या कार्बन ब्लॅकचेही असेच आहे. तप्त वायूत तेलाचा फवारा मारायचा आणि योग्य क्षणी पाण्याच्या फवाऱ्याने सारे थंड करायचे. पाण्याचा फवारा थोडा पुढे-मागे सरकवला की माल बदलतो.

औषध कारखान्यांतले मित्र जेट मिल रोज पाहतात. दाबाखालचा वायू नोझलमधून ध्वनीच्या वेगाच्या आसपास बाहेर पडतो, कण एकमेकांवर आदळून फुटतात. बारीक झालेला कण वायूबरोबर मध्याकडे ओढला जातो आणि जाड कण केंद्रोत्सारी प्रेरणेने काठाशी राहून पुन्हा मार खातो. दम्याच्या इन्हेलरमधले औषध 1 ते 5 मायक्रॉनचे असावे लागते. त्याहून जाड कण घशातच अडकतो आणि रुग्णाच्या फुप्फुसापर्यंत पोचत नाही. पूड टाकण्याचा वेग वाढवला की प्रत्येक कणाच्या वाट्याला येणारी ऊर्जा घटते आणि माल जाड होतो. उत्पादन वाढवा म्हणून दडपण येते, तेव्हा ऑपरेटरला हे ठणकावून सांगता आले पाहिजे.

गव्हासारखे जाड दाणे फ्लुइडाइज्ड बेडमध्ये नीट उकळत नाहीत. ओटावा येथे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत गहू वाळवताना माथूर आणि गिशलर यांनी निमुळत्या बुडाच्या भांड्यात मधोमध एकच झोत सोडला. दाणे मध्यातून कारंज्यासारखे उसळतात आणि कडेने सावकाश खाली येतात. 1955 मध्ये त्यांनी ही स्पाउटेड बेडची पद्धत प्रसिद्ध केली. तशाच चक्राकार फिरण्याचा उपयोग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेल वुर्स्टर यांनी गोळ्यांना लेप देण्यासाठी केला. हळूहळू विरघळणाऱ्या औषधांच्या पेलेट्सवर आज लेप चढतो तो बहुधा वुर्स्टरच्याच पद्धतीने.

झोत कण घडवतो तसा लोखंडही खातो, याकडे दुर्लक्ष होते तिथे माणसे जखमी होतात. कॅलिफोर्नियात टॉरन्सच्या रिफायनरीत 18 फेब्रुवारी 2015 रोजी स्फोट झाला. क्रॅकिंग युनिटची स्लाइड व्हॉल्व्ह कॅटॅलिस्टने इतकी झिजवली होती की ती बंद करूनही कॅटॅलिस्टचा अडसर टिकला नाही. हायड्रोकार्बन उलटे शिरून ठिणगी असलेल्या ठिकाणी पोचले. तीनच वर्षांनी, 26 एप्रिल 2018 रोजी, विस्कॉन्सिनमधील सुपीरिअर येथे झिजलेल्या तशाच व्हॉल्व्हमधून हवा उलट बाजूला गेली आणि स्फोटानंतर 36 जणांना उपचार घ्यावे लागले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचे दोन्ही अहवाल कोणालाही वाचता येतात. आपल्याकडे कोणत्या शटडाउनमध्ये कोणते नोझल किती झिजलेले निघाले, हे फिटरला ठाऊक असते. भंगारात टाकताना तो ते हातात घेऊन पाहतो. पण ते कागदावर येत नाही आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. दर शटडाउनमध्ये प्रत्येक नोझलचा आणि डिस्ट्रिब्युटर प्लेटच्या छिद्रांचा व्यास मोजून, छायाचित्रासह नोंदवला जावा, आणि त्या नोंदीवर फिटरचे नाव असावे. डिस्ट्रिब्युटरवरचा दाब-उतार बेडच्या दाब-उताराच्या 20 ते 40 टक्के ठेवावा हा जुना ठोकताळा आहे. वीज वाचवण्यासाठी तो खाली आणायचा असेल तर आधी बेडच्या कोणत्या कोपऱ्यात पूड निपचित पडते ते पाहावे. महाविद्यालयांनी पारदर्शक भांड्यात थंड हवेवर चालणारी मोठी, निदान एक मीटर रुंदीची चाचणीयंत्रे उभारावीत आणि ती लघुउद्योगांना माफक दरात वापरू द्यावीत. एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला संगणकीय प्रारूप परवडत नाही, पण आपली पूड डोळ्यांसमोर उकळताना पाहणे त्याला परवडू शकते. आणि हे सारे मराठीत लिहिले जावे, कारण यंत्राशेजारी उभा असलेला माणूस मराठीत विचार करतो.

नोंदवहीचा एक कच्चा नमुना मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रात तो सर्वांच्या हाती देतो. त्यात कोणते रकाने कमी आहेत ते मला देखभाल विभागातल्या मंडळींनी आधी सांगावे, प्राध्यापकांनी नंतर.